गाडीतला खर्ज : कंपनीचा सबवूफर काढून दहा इंची पायोनिअर बसवला

तबला शिकवणाऱ्या बाईला गाडीत नवा सबवूफर (फक्त खालचे सूर वाजवणारा स्पीकर) कशाला हवा, हे मला दुकानात विचारलं, घरी विचारलं आणि क्लासमध्येही विचारलं. उत्तर डग्ग्यात, म्हणजे डाव्या हाताच्या तबल्यात आहे. ‘घे’ वाजवताना मनगट पुढे दाबत नेलं की सूर चढतो, सैल सोडलं की उतरतो. ही मींड बरीचशी दीडशे हर्ट्झच्या खाली घडते, आणि कंपनीने दिलेल्या सबवूफरवर ती ऐकूच येत नव्हती. मोठ्या तबलजींची जुनी रेकॉर्डिंग्ज लावली की दाया (उजव्या हाताचा तबला) स्वच्छ, चाटीवरचा (कडेवरचा) ‘ना’ अगदी समोर, आणि डग्गा मात्र सगळीकडे एकाच सुरात ‘धूम धूम’. मिरज ते पुणे हा रस्ता मी सतत करते. माझं निम्मं ऐकणं गाडीतच होतं, म्हणून यावर पैसे खर्च करायचे ठरवले.

पाया कुठे असतो ते एका आकड्यात सांगते. काळी एकला (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी) लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याची जोड (मधल्या दोन तारा) साधारण १३९ हर्ट्झला वाजते, आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास. दारातले साडेसहा इंची स्पीकर त्या भागात दमतात. खर्जाचे वरचे स्वरांश ते वाजवतात, त्यामुळे खर्ज ऐकल्याचा भास होतो. पण मूळ कंप अंगाला जाणवत नाही, आणि गाणं अधांतरी वाटत राहतं.

गाडीचं नाव देत नाही. मधल्या आकाराची एसयूव्ही आहे, वरच्या व्हेरियंटमध्ये स्पीकरना ताकद देणारा वेगळा अॅम्प आणि डिकीच्या डाव्या पॅनलमागे आठ इंची सबवूफर येतो. पॅनल उघडून तो बाहेर काढला तेव्हा पेटीसकट एका हाताने सहज उचलला गेला. मॅग्नेट छोटा, कोन (पुढचा हलणारा पडदा) पातळ कागदाचा, आणि प्लॅस्टिकच्या पेटीची भिंत अंगठ्याने दाबली तर आत जायची. सब वाजतो तेव्हा हीच भिंत सोबत वाजते. शिवाय इतक्या लहान पेटीत कोंडल्यामुळे एका ठरावीक सुराजवळ आवाज फुगतो. हिंदी गाण्यातला ढोल असो, नाट्यगीतातला डग्गा असो, सगळे त्या फुगवट्यावर येऊन बसतात. कंपनीला वजन वाचवायचं असतं, जागा वाचवायची असते, अल्टरनेटरवर भार टाकायचा नसतो. ते समजू शकतं. पण वरच्या व्हेरियंटच्या जाहिरातीत स्पीकरची संख्या मोठ्या अक्षरात छापली जाते, तेव्हा गिऱ्हाइकाने कान लावून ऐकावं, एवढंच माझं म्हणणं.

पहिल्या दुकानात गेले तिथे पाच मिनिटांत काम सांगितलं. कंपनीच्या वायरी कापायच्या, बारा इंची सब मोठ्या पोर्टेड पेटीसकट डिकीत ठेवायचा, संध्याकाळी गाडी घेऊन जायची. वायर कापायची म्हटल्यावर मी उठले. वॉरंटीत असलेल्या गाडीची मूळ वायर कापली की पुढे इलेक्ट्रिकचा कुठलाही दोष निघाला तरी बोट त्या कापलेल्या जागेकडेच जातं. हल्ली बहुतेक गाड्यांसाठी कपलरला कपलर जोडणारी तयार हार्नेस मिळते. ती थोडी महाग पडते, पण गाडी विकताना सगळं काढून मूळ वस्तू परत बसवता येते.

शेवटी काम केलं ते कोल्हापुरातल्या एका लहान दुकानात. दोन गाड्या आत उभ्या राहतील एवढीच जागा. मालक स्वतः खाली वाकून काम करतात, हाताखाली एक पोरगा. आधी त्यांचंही म्हणणं बारा इंचीचंच होतं. “मॅडम, बारा टाकूया की. काच थरथरली पाहिजे, नाद खुळा!” मी म्हटलं, दादा, काच थरथरायला नको, डग्गा ऐकू यायला हवा. मग मोबाइलवर एक तबल्याचं रेकॉर्डिंग त्यांच्या दुकानातल्या डेमो बोर्डावर लावलं आणि कुठला आवाज हवा ते दाखवलं. त्यांनी दोनदा ऐकलं, आणि म्हणाले, “मग सील पेटी. पोर्टवाली नको तुम्हाला.” तिथेच माझा विश्वास बसला.

सील पेटी म्हणजे चारी बाजूंनी बंद. पोर्टेड पेटीला भोक असतं, त्यातून येणारी हवा ठरावीक सुराजवळ आवाज वाढवते, त्यामुळे कमी वॉटमध्ये जास्त धमक मिळते. पण तो सूर संपला की त्याखाली आवाज झपकन कोसळतो, आणि ठोका थांबल्यावरही हवा थोडी रेंगाळते. बंद पेटी डग्ग्याच्या भांड्यासारखी, आतली हवा स्प्रिंगचं काम करते आणि कोनला जागेवर ओढून आणते. बंद पेटीचा आवाज खाली हळूहळू उतरतो, आणि गाडीची बंद केबिन नेमका तोच भाग उचलून धरते. ५० हर्ट्झची लाट जवळजवळ सात मीटर लांब असते, आमची गाडी साडेचार मीटरही नाही. लाटेपेक्षा जागा लहान असली की दाब सगळीकडे एकसाथ वाढतो-घटतो, आणि खालचे सूर आपोआप भरतात. घराच्या हॉलमध्ये हे सुख मिळत नाही. गाडीत सील पेटीची शिफारस मी डोळे मिटून करेन ती यामुळेच.

ड्रायव्हर, म्हणजे पेटीत बसणारा स्पीकर, म्हणून पायोनिअरचा टीएस-ए२५००एलएस४ घेतला. दहा इंची, उथळ बांधणीचा, ४ ओहमची एकच कॉइल. खोकं घेताना त्यावरचा मोठा आकडा बघून हुरळून जाऊ नका. तिथे १२०० वॉट छापलेलं असतं, ते कमाल, क्षणभरासाठी. कामाचा आकडा नॉमिनल, म्हणजे सतत पेलता येणारा, आणि तो ३०० वॉट आहे. अॅम्प निवडायचा तो याच आकड्याकडे बघून. दुसरी लक्षात ठेवण्याची गोष्ट, वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला ते ‘थोडं जास्त’ एवढंच लागतं. त्यामुळे हजार वॉटच्या अॅम्पच्या मागे लागण्यापेक्षा तो पैसा पेटी आणि वायरिंगवर घातलेला बरा.

उथळ ड्रायव्हर घेण्याचं कारण डिकी. माझ्या डिकीत महिन्यातले बरेच दिवस तबल्याची जोडी, हार्मोनियम आणि कधीकधी तंबोरा असतो. मोठी पेटी आली की वाद्यं मागच्या सीटवर आणि विद्यार्थी बसमध्ये, असं झालं असतं. हा ड्रायव्हर साधारण १४ लिटरच्या, म्हणजे अर्ध्या घनफुटाच्या पेटीत खुशाल वाजतो. १८ मिलिमीटर एमडीएफची पेटी दुकानदारांनी ओळखीच्या सुताराकडून करून घेतली. डाव्या चाकाच्या कमानीला घासून बसेल असा तिरका कट दिला, आत एक आडवी पट्टी मारली, सगळ्या सांध्यांना आतून सिलिकॉन. मी पेटीवर बोटांच्या पेरांनी टिचक्या मारून बघितल्या. घट्ट, कोरडा आवाज आला. कंपनीच्या प्लॅस्टिकच्या पेटीवर हेच केलं होतं तेव्हा पत्र्याच्या डब्यासारखा आवाज आला होता.

आता सिग्नलचं सांगते, कारण बहुतेक लोक इथेच फसतात आणि मग नव्या सबला दोष देतात. कंपनीची म्युझिक सिस्टीम स्पीकर वाचवण्यासाठी आवाज वाढवला की बेस गुपचूप कमी करते. तुम्ही कितीही भारी सब लावा, त्याच्याकडे मुळात बेस पोचलाच नाही तर तो वाजवणार काय? दुकानदारांनी पेन ड्राइव्हवरून ५० हर्ट्झचा सलग टोन लावला, कंपनीच्या सबच्या कपलरमध्ये मल्टिमीटरच्या पिना घातल्या, मीटर एसी व्होल्टवर ठेवला आणि मला व्हॉल्यूम एकेक घर वाढवायला सांगितलं. सोळापर्यंत व्होल्ट चढत गेले. पुढे वीस, बावीस, चोवीस केलं तरी काटा जागचा हलेना. मग तेच पुढच्या दारांच्या स्पीकरवर मोजलं. तिथे बराच वरपर्यंत व्होल्ट चढत राहिले, आणि सिग्नलही वरपासून खालपर्यंत पूर्ण होता. निर्णय झाला, सिग्नल सबच्या वायरीवरून न घेता पुढच्या दारांच्या वायरीवरून घ्यायचा आणि खालचा भाग नव्या अॅम्पच्या फिल्टरने वेगळा करायचा.

तुमच्या गाडीत उलटंही निघू शकतं. सबच्या वायरीवर सिग्नल चांगला असेल तर तो आधीच कंपनीने गाळलेला असतो. अशा वेळी नव्या अॅम्पचा लो-पास (फक्त खालचे सूर जाऊ देणारा) फिल्टर पूर्ण वर नेऊन ठेवायचा, नाहीतर दोनदा गाळलं जातं आणि दारातले स्पीकर आणि सब यांच्यात भोक पडतं. काही गाड्यांत मूळ सब काढला की कंपनीचा अॅम्प ‘लोड नाही’ म्हणून एरर दाखवतो, तिथे एक रेझिस्टर लावावा लागतो. आमच्या गाडीत तसं झालं नाही. पण मोजल्याशिवाय जोडणाऱ्या दुकानात थांबू नका. दोन मिनिटांचं काम आहे, आणि कारागीर कसा आहे ते तिथेच कळतं.

अॅम्प साधा मोनो, ४ ओहमला ३०० वॉट आरएमएस (सलग) देणारा, स्पीकरच्या वायरीवरून थेट सिग्नल घेणारा. तो ड्रायव्हरच्या सीटखाली बसला. बॅटरीपासून जाड तांब्याची वायर आली. इथे वायर हातात घेऊन टोक खरवडून बघा. ‘सीसीए’ लिहिलेली वायर म्हणजे वरून तांबं आणि आत अॅल्युमिनियम, खरवडलं की चंदेरी दिसते. तेवढ्याच जाडीत ती कमी करंट वाहते. ३०० वॉट देताना अॅम्प बॅटरीकडून तीस अँपिअरच्या घरात करंट ओढतो, त्यामुळे इथे दोन-चारशे रुपये वाचवणं परवडत नाही. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावरच लावला. तो लांब लावला तर बॅटरी ते फ्यूज ही वायर उघडी राहते, आणि पत्र्यावर घासून शॉर्ट झाली तर तिला थांबवणारं काही नसतं. इंजिनच्या बाजूने आत येताना रबरी ग्रोमेटमधूनच वायर काढली. अर्थिंगसाठी सीटच्या बोल्टजवळचा रंग पोऱ्याने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत पॉलिश पेपरने घासला, आणि बोल्ट आवळल्यावर वरून पुन्हा रंगाचा हात मारला, गंज धरू नये म्हणून. न सांगता केलं. या दुकानाला मी मार्क देते ते अशा गोष्टींसाठी.

पेटीचं वजन ड्रायव्हरसकट बऱ्यापैकी आहे. ती नुसती डिकीत ठेवून चालत नाही. खंबाटकीच्या उतारावर कुणी समोर कचकन ब्रेक मारला तर मागच्या सीटवरच्या माणसाच्या पाठीत ती येईल. मी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे खाली दोन लोखंडी पट्ट्या करून सामान बांधायच्या हुकांच्या बोल्टलाच पेटी आवळली. चार बोल्ट काढले की पेटी मोकळी.

गेन हा आवाजाचा नॉब नव्हे, आलेल्या सिग्नलशी अॅम्प जुळवण्याचा नॉब आहे, हे दुकानातल्या पोऱ्यालाही माहीत होतं, याचं मला कौतुक वाटलं. अॅम्पमधून किती व्होल्ट बाहेर यावेत याचा हिशेब सोपा आहे. वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ३०० गुणिले ४ म्हणजे १२००, त्याचं वर्गमूळ साधारण ३४.६ व्होल्ट. आम्ही मुद्दाम २०० वॉटवर थांबलो, म्हणजे २८ व्होल्टच्या आसपास. सबची वायर सुटी ठेवून टोन लावला, गेन हळूहळू वाढवला, मीटरने २८ दाखवल्यावर थांबलो. मला त्याहून जास्त कधी लागलं नाही, आणि कॉइल गरम होण्याची चिंता राहिली नाही. फिल्टर ८० हर्ट्झवर. त्यानंतर फेज, म्हणजे सबचा कोन दारातल्या स्पीकरच्या सोबत पुढे-मागे होतो की उलटा. ० आणि १८० असं बटण असतं. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले, ८० हर्ट्झचा टोन लावला, त्यांनी बटण पालटून दाखवलं. ज्या बाजूला आवाज भरीव लागतो ती बाजू बरोबर, कारण तिथे सब आणि दारातले स्पीकर एकमेकांना साथ देतात. आमच्या गाडीत ती १८० निघाली. उलट्या बाजूला डग्गा मागून, डिकीतून येतोय असं वाटत होतं. बटण पालटल्यावर तो पुढे डॅशबोर्डवर, दायाच्या शेजारी येऊन बसला. एवढ्या एका बटणाने जो फरक पडला तो ड्रायव्हर बदलल्याने पडलेल्या फरकाइतकाच मोठा वाटला मला.

आता ऐकण्याचं. विलंबित एकतालात डग्ग्यावर जिथे मींड घेतली आहे, तिथे सूर चढताना आणि उतरताना दिसतो, अगदी बोट ठेवून दाखवता येईल इतका. ‘धा’ आणि ‘धिं’ यांतल्या डग्ग्याच्या दाबाचा फरक कळतो. द्रुत लग्गीत डग्गा एकमेकांत मिसळत नाही, प्रत्येक ठोका सुटा. पखवाजाच्या रेकॉर्डिंगमध्ये कणीक लावलेल्या धुम्याचा (डाव्या तोंडाचा) ओला, जड आवाज पहिल्यांदाच गाडीत ऐकला. तंबोऱ्याचा खर्ज गाण्याखाली सतत अंथरलेला राहतो. गणपतीतल्या ढोल-ताशाचं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग लावलं तर मात्र विशेष काही हाती लागत नाही, कारण मोबाइलच्या माइकने खालचा भाग पकडलेलाच नसतो.

माझी मुलगी पहिल्या दिवशी म्हणाली, “आई, बेस कमी झाला गं.” तिची नवी गाणी आधी त्या फुगवट्यामुळे सतत दणकत होती. आता ज्या गाण्यात बेस आहे तिथेच येतो, नाही तिथे येत नाही. तिच्यासाठी सबच्या रिमोट नॉबची वायर पुढे गिअरजवळ आणून ठेवली आहे, तिला हवा तेव्हा ती वाढवते. हा नॉब आणखी एका कारणाने उपयोगी पडतो. हायवेवर टायरचा आणि रस्त्याचा घरघराट नेमका खालच्या सुरांतच असतो आणि तो बेस झाकतो. सिमेंटच्या रस्त्यावर तर फारच. त्यामुळे गाडी उभी असताना जुळवलेला आवाज नव्वदच्या वेगात पातळ लागतो. पेठनाक्याला हायवेवर आले की नॉब थोडा पुढे, गावात शिरले की मागे.

मर्यादा आहेत. उथळ ड्रायव्हर आणि लहान पेटी यांच्याकडून अगदी तळाचा, पस्तीस हर्ट्झच्या खालचा गडगडाट मागू नये. माझ्या संगीतात तो फारसा लागत नाही, पण इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकणाऱ्याला लागेल. त्यांनी पूर्ण खोलीचा ड्रायव्हर आणि मोठी पेटी घ्यावी आणि डिकीची जागा सोडावी. दुसरं, बेस सुधारला की गाडीची खडखड बाहेर येते. नंबर प्लेट, डिकीच्या दाराचं आतलं प्लॅस्टिक, मागचा ट्रे, सगळे आपापल्या सुरात बोलू लागले. नंबर प्लेटमागे फोमच्या पट्ट्या, प्लॅस्टिकच्या क्लिपांना फेल्टची टेप आणि डिकीच्या दाराच्या पत्र्याला आतून ब्युटिल डॅम्पिंग शीट, एवढं केल्यावर बहुतेक गप्प झालं. ट्रेची एक बारीक खरखर अजून आहे, मागे सामान नसलं की ऐकू येते. हे डॅम्पिंगचं काम दुकानदाराकडून पहिल्याच दिवशी करून घ्या, पॅनल उघडलेलंच असतं. माझ्याकडे ते नंतर केलं, त्याचे वेगळे पैसे गेले नाहीत हा त्यांचा चांगुलपणा.

खर्च ड्रायव्हर, अॅम्प, हार्नेस, वायरिंग, पेटी आणि मजुरी धरून सत्तावीस हजारांच्या आत बसला. त्यातला सगळ्यात मोठा वाटा अॅम्पचा, आणि सगळ्यात सार्थकी लागलेला पैसा पेटीचा. हातात पंधराच हजार असतील तर मी सीटखालचा छोटा, अॅम्पसकट येणारा सब घेण्यापेक्षा थांबेन, आणि आधी पुढच्या दोन्ही दारांना डॅम्पिंग करून घेईन. दारांच्या पत्र्याचा कंप थांबला की साडेसहा इंची स्पीकरही शंभर हर्ट्झच्या आसपास बराच भरीव बोलतो. असा सब बसवल्यावर इंजिन बंद ठेवून तासन्‌तास ऐकायची सवय असेल तर तीही सोडावी लागेल, बॅटरी उतरते.

कंपनीचा सब आणि त्याची पेटी गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे, पॅनलचे स्क्रू एका पिशवीत भरून तिलाच चिकटवले आहेत. दुकानातून निघताना पेटीच्या आतल्या मोकळ्या जागेचा आकडा आणि फिल्टर, गेन, फेज कुठे ठेवले ते दुकानदारांकडून बिलाच्या मागे लिहून घेतलं. सर्व्हिसिंगला गाडी गेली की सीटखालचे नॉब हमखास कुणाच्या तरी हाताने फिरतात.